भाषापालट-शोध, मिश्र दस्तऐवजांतील

एकाच मजकुरात एक भाषा कोठे थांबते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे संगणकाकरवी ठरवण्याची रीत. अख्ख्या लेखाची भाषा ओळखायला दोन-तीन अक्षरांच्या जुळण्यांची वारंवारता पुरते. मजकुराच्या पोटातला सांधा मात्र तेवढ्याने सापडत नाही. भोर-वेल्हे भागातील, म्हणजे रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ या जुन्या मुलखातील सतराव्या शतकाचे वतनी कागद ही त्याची खरी कसोटी आहे. कारीच्या जेध्यांसारख्या देशमुखांना येणाऱ्या पत्रांत मायना फारसी, सन अरबी अंकनामांत आणि हकिकत मराठीत असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर शिक्का संस्कृत. या मराठी पत्रांची लिपी मोडी, त्यामुळे फारसी मायनाही त्याच वळणात येतो आणि लिपीवरून काही उमगत नाही. शिवाय मोडीत शब्द तोडून लिहीत नसत; छापील प्रतीतल्या मोकळ्या जागा लिप्यंतरकाराने ठरवलेल्या असतात.

म्हणून येथे शब्दाच्या कुळापेक्षा प्रत्ययावर भर द्यायला हवा. ‘कारकुनानि हाल व इस्तकबाल’ (आजचे व पुढचे कारकून) यात अनेकवचन आणि जोडणी दोन्ही फारसी आहेत. ‘कारकुनांस’ म्हटले की तोच शब्द मराठी व्याकरणात आला. वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ च्या लेखनातील फारसी शब्द मोजून त्यांचा घटता वाटा दाखवला, तेव्हा शब्द मोजणेच बरे, असा आक्षेप येईल. शब्दसंग्रहाच्या इतिहासासाठी ती मोजणी मोलाचीच; पण तिच्या आधारे सांधे आखले, तर ‘मौजे’, ‘हुजूर’ असे मराठीत रुळलेले शब्द दर ओळीला खोटा पालट दाखवतील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मायना पाठ असलेल्या कारकुनाला फारसी येत असेलच असे नाही, मग तो भाषापालट कसा? यंत्राने मात्र लिहिणाऱ्याचे ज्ञान नव्हे, लिहिलेल्या वाक्याची घडण ओळखायची असते. ‘इसन्ने खमसैन अलफ’ (शुहूर सन १०५२, इ. स. १६५१-५२) यांसारखी अंकनामे मोजकी असल्याने यादीवरूनच पकडता येतात. गावांच्या नावांना कोणत्याही भाषेत न ढकलता वेगळी खूण द्यावी. अचूकताही शब्दांवर मोजू नये; हकिकत लांबलचक असलेल्या पत्रात सगळेच मराठी ठरवणारे यंत्र एकही सांधा न शोधता भरघोस गुण मिळवते.