बाळासाहेब ठाकरे यांचे निधन: अंत्ययात्रा, बंद आणि एका फेसबुक पोस्टमुळे रद्द झालेले कलम

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईत निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले आणि मुंबईसह आसपासच्या शहरांतले व्यवहार थांबले. त्याच दिवशी पालघरमधील एका तरुणीने या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली. तिला आणि ती पोस्ट लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. या अटकेतून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द झाले.

एखादा मोठा नेता गेल्यावर समाजाने कसे वागावे, दुखवटा ऐच्छिक असतो की सक्तीचा, गेलेल्या माणसावर टीका करता येते का, हे प्रश्न त्या चार दिवसांत एकदम पुढे आले. त्यांची उत्तरे आजही उपयोगी पडतात.

निधन आणि अंत्ययात्रा

बाळासाहेबांचा जन्म २३ जानेवारी १९२६ रोजी पुण्यात झाला. व्यंगचित्रकार म्हणून सुरुवात करून त्यांनी १९६० साली ‘मार्मिक’ साप्ताहिक काढले आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना केली. १९९५ मध्ये राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, पण त्यांनी स्वतः कधी निवडणूक लढवली नाही की कोणते सरकारी पद घेतले नाही. सरकारचा ‘रिमोट कंट्रोल’ आपल्या हाती आहे, असे ते उघडपणे सांगत.

२०१२ च्या दिवाळीत त्यांची प्रकृती गंभीर असल्याच्या बातम्या आल्या आणि वांद्र्याच्या ‘मातोश्री’ बंगल्याबाहेर शिवसैनिकांची गर्दी जमू लागली. १७ नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ८६ होते. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. जलील पारकर यांनी बाहेर येऊन ही बातमी सांगितली.

रविवारी सकाळी मातोश्रीवरून निघालेली अंत्ययात्रा सेना भवनमार्गे दादरच्या शिवाजी पार्कवर पोहोचायला संध्याकाळ झाली. गर्दीचे अंदाज दहा लाखांपासून वीस लाखांपर्यंत वेगवेगळे दिले गेले. बंदोबस्ताला सुमारे २० हजार पोलीस होते. पार्थिव तिरंग्यात गुंडाळले होते आणि पोलिसांनी बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना दिली. उद्धव ठाकरे यांनी अग्नी दिला.

शिवाजी पार्क हे स्मशान नव्हे, तर सार्वजनिक मैदान आहे. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी तिथेच झाला होता. १९२० साली लोकमान्य टिळकांवर गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, त्यानंतर मुंबईत असा प्रसंग पहिलाच, असे त्या वेळच्या अनेक बातम्यांत म्हटले गेले. पदावर नसलेल्या व्यक्तीला शासकीय इतमाम देता येतो का, हा प्रश्नही तेव्हा विचारला गेला. असा मान कोणाला द्यायचा हे राज्य सरकार ठरवू शकते, आणि त्या वेळच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने तो दिला.

श्रद्धांजली आणि तिच्या विरोधातला सूर

अंत्यदर्शनाला आणि शिवाजी पार्कवर आलेल्यांत मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण, शरद पवार, लालकृष्ण अडवाणी, सुषमा स्वराज, नितीन गडकरी, अमिताभ बच्चन अशी सगळ्या क्षेत्रांतली नावे होती. शिवसेना सोडून गेलेले छगन भुजबळही आले. आयुष्यभर एकमेकांवर बोचरी टीका करणारे राजकारणी अशा वेळी एकत्र येतात, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. तिच्यामागे एक जुना संस्कारही आहे: रामायणात रावण पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो की वैर मरणाबरोबर संपले, आता त्याचे अंत्यसंस्कार कर.

रस्त्यावर आलेल्या सामान्य माणसाचे दुःख मात्र औपचारिक नव्हते. मुंबईत मराठी तरुणाला नोकरी मिळावी म्हणून बँका, विमान कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांपुढे उभे राहिलेले आंदोलन, अडीअडचणीला धावणारी गल्लीतली शाखा, रुग्णवाहिका, वडापावच्या गाड्या हा लाखो घरांचा अनुभव होता. गिरण्या बंद पडल्यावर पायाखालची जमीन सरकलेल्या कुटुंबांना ‘साहेब’ हा आपला माणूस वाटत होता.

दुसरी बाजूही तितकीच खरी होती. साठच्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध, पुढे मुसलमान आणि उत्तर भारतीयांविरुद्ध शिवसेनेने घेतलेल्या भूमिकांची झळ अनेकांना बसली होती. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली मांडलेल्या अहवालात ठाकरे आणि शिवसेनेवर कठोर ठपका ठेवला होता. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितल्याबद्दल न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते आणि त्यामुळे सहा वर्षे त्यांचा मतदानाचा हक्कही गेला होता.

हा विरोधी सूर सर्वांत उघडपणे मांडला तो प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष, न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी. १९ नोव्हेंबरच्या ‘द हिंदू’त त्यांनी आपण ठाकरे यांना श्रद्धांजली का वाहू शकत नाही, हे लिहिले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलेच बोलावे ही रीत आपण सहसा पाळतो, पण देशाचे हित तिच्याहून मोठे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. भूमिपुत्रांचा सिद्धान्त राज्यघटनेशी विसंगत आहे, हे त्यांचे मुख्य म्हणणे. या लेखावर संतापही उमटला आणि त्याला पाठिंबाही मिळाला.

बंद: आदर की भीती?

त्या शनिवार-रविवारी दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे बंद राहिली, रिक्षा-टॅक्सी तुरळक होत्या. पुष्कळांनी दुःखाने शटर ओढले. पुष्कळांनी दगड पडेल या धास्तीने ओढले. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही शटर सारखीच दिसतात. त्यामुळे बंद किती यशस्वी झाला यावरून लोकांना किती दुःख झाले याचा अंदाज बांधता येत नाही.

बंदबाबत कायदा बराच स्पष्ट आहे. लोकांवर सक्ती करणारा बंद पुकारणे घटनाबाह्य आहे, असा निकाल केरळ उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर ३० जुलै २००३ रोजी केलेल्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली शिवसेना आणि भाजप यांना प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले होते. स्वखुशीने दुकान बंद ठेवणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, दुसऱ्याचे बंद करायला लावणे हा हक्क नाही.

पालघरची पोस्ट

पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तिथल्या २१ वर्षांच्या तरुणीने रविवारी लिहिलेल्या पोस्टचा आशय असा होता: माणसे रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला, आदर कमवावा लागतो, तो जबरदस्तीने मिळत नाही, मुंबई आज आदराने नव्हे, भीतीने बंद आहे. पोस्टमध्ये शिवी नव्हती, धमकी नव्हती, कोणत्याही धर्माचा किंवा जातीचा उल्लेख नव्हता.

स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याने तक्रार केली. जमावाने तरुणीच्या काकांच्या रुग्णालयात तोडफोड केली. पोलिसांनी दोघींना अटक केली आणि भारतीय दंड संहितेचे कलम ५०५(२) व माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ लावले. यातले पहिले कलम समाजगटांमध्ये वैर पसरवण्याबद्दलचे आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोघींना प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर सोडले.

ही बातमी पसरताच देशभर संताप उसळला. बंदला विरोध करणे हा गुन्हा कसा, असे काटजूंनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून विचारले. राज्य सरकारने चौकशी नेमली. रुग्णालयाची तोडफोड करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली. २७ नोव्हेंबरला दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांची उच्च न्यायालयाने बदली केली. निलंबनाच्या निषेधार्थ शिवसेनेने २८ नोव्हेंबरला पालघर बंद पाळला. बंदवर प्रश्न विचारणाऱ्या पोस्टचा वाद असा पुन्हा एका बंदपाशी पोहोचला. पुढे पोलिसांनी दोघींविरुद्धचा खटला मागे घेण्याचा मार्ग धरला आणि प्रकरण बंद झाले.

कलम ६६अ काय होते?

हे कलम २००८ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. संगणक किंवा मोबाइलवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे, किंवा त्रास, गैरसोय, अपमान व्हावा म्हणून खोटी माहिती पाठवणे, याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. अडचण अशी की ‘आक्षेपार्ह’ किंवा ‘त्रासदायक’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्याच नव्हती. जे वाक्य वर्तमानपत्रात छापले तर गुन्हा नाही, तेच फेसबुकवर टाकले तर गुन्हा ठरू शकत होता.

श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने पालघरच्या घटनेनंतर लगेच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना कळवले की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय या कलमाखाली अटक करू नये. अखेर २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने कलम ६६अ संपूर्ण रद्द केले.

निकालाचा गाभा सोपा आहे. न्यायालयाने बोलण्याचे तीन प्रकार वेगळे केले: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी त्या घटनेच्या कलम १९(१)(अ) ने दिलेल्या स्वातंत्र्यात बसतात. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले तरच सरकारला निर्बंध घालता येतो. कोणाला तरी राग आला, एवढे कारण पुरत नाही.

निकालानंतरही पोलीस ठाण्यांत हे रद्द झालेले कलम वापरले जात राहिले. २०२१ साली ही गोष्ट समोर आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने धक्का बसल्याचे म्हटले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखालील कारवाई थांबवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

इतर देशांत काय घडले?

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर ८ एप्रिल २०१३ रोजी वारल्या. त्यांच्या धोरणांनी खाणी बंद पडलेल्या भागांत आणि काही शहरांत लोकांनी चक्क आनंद साजरा केला. चेटकीण मेल्याचे एक जुने सिनेगीत विरोधकांनी इतके विकत घेतले की ते विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. बीबीसीने ते पूर्ण न वाजवता त्याचा छोटा तुकडा बातमी म्हणून ऐकवला. अनेकांना हे असभ्य वाटले, तरी गाण्यावर बंदी आली नाही.

उत्तर आयर्लंडचे माजी उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांचे २१ मार्च २०१७ रोजी निधन झाले. ते आधी सशस्त्र संघटना आयआरएचे कमांडर होते आणि नंतर शांतता कराराचे शिल्पकार बनले. डेरी शहरातील त्यांच्या अंत्यविधीला विरोधी पक्षाच्या नेत्या आर्लिन फॉस्टर आल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी, आयआरएच्या ब्राइटन बॉम्बस्फोटात जिची पत्नी कायमची अपंग झाली त्या नॉर्मन टेबिट यांनी त्यांच्यावर जहाल टीका केली. आदर आणि राग दोन्ही शेजारी शेजारी व्यक्त झाले.

आज कायदा काय सांगतो?

मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार (पूर्वीचे दंड संहितेचे कलम ४९९), हयात असता तर ज्याने प्रतिष्ठेला बाधा आली असती असा आरोप, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला, तर तो बदनामी ठरू शकतो. मात्र सार्वजनिक कामाबद्दल प्रामाणिकपणे व्यक्त केलेले मत यात येत नाही. बदनामीसाठी पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत. बाधित व्यक्तीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. समाजगटांत वैर पसरवणाऱ्या मजकुराबद्दलचे कलम आता ३५३(२) आहे, पण एखाद्या नेत्यावरची टीका म्हणजे समाजगटांतले वैर नव्हे.

स्मारक

शिवाजी पार्कवर अंत्यसंस्काराच्या जागी उभारलेला तात्पुरता चौथरा डिसेंबर २०१२ मध्ये वादानंतर हटवण्यात आला. मैदान खेळासाठी मोकळे राहावे, अशी आसपासच्या अनेक रहिवाशांची मागणी होती. पुढे स्मारकासाठी शेजारचा जुना महापौर बंगला देण्यात आला आणि ३१ मार्च २०२१ रोजी त्याचे भूमिपूजन झाले.

त्या स्मारकापुढे हात जोडणाऱ्याला तसे करण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि न जोडणाऱ्यालाही. ज्यांनी त्या रविवारी उन्हात तासन्‌तास उभे राहून डोळे पुसले, त्यांच्या दुःखाला पालघरच्या चार ओळींनी कोणताही धक्का लागला नव्हता. धक्का लागला तो पोलीस ठाण्यात, कारण तिथे दुखवटा न पाळणे हाच गुन्हा समजला गेला.