छावणीतला सण

उर्दू शाळेत इतिहास शिकवताना एक गोष्ट नेहमी खटकते. पाठ्यपुस्तकातला शिपाई लढताना दिसतो किंवा मरताना. जेवताना, कपडे धुताना, घरच्या निरोपाची वाट पाहताना तो दिसत नाही. मग त्याचा सण कुठून दिसणार? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा न लिहिलेला इतिहास चार दशके घडत आला आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास आंध्रातून आलेल्या नक्षलवादी दलमांनी या भागात पाय रोवले. १९९० मध्ये पोलिसांनी स्थानिक तरुणांचे पथक उभारले. सुरुवातीला साठ जवान, म्हणून नाव सी-६०. दुर्गम भागात पोलीस मदत केंद्रे झाली. नाव मदत केंद्राचे, रूप छावणीचे: काटेरी तार, वाळूची पोती, रात्रंदिवस पहारा. सुरुंगाच्या भीतीने कित्येक वाटांवर गाडी असूनही पायीच जायचे. रात्री मच्छरदाणी विसरायची नाही, कारण मलेरियाही इथला जुना शत्रू. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, म्हणून शिधा आधीच भरून ठेवायचा.

थंडीत नद्या उतरतात, वाटा मोकळ्या होतात. पण सण मोकळेपणाने येत नाही. २ ते ८ डिसेंबर हा नक्षलवाद्यांचा सप्ताह, त्यामुळे बंदोबस्त वाढतो. २००२ ची रमजान ईद नेमकी डिसेंबरच्या त्याच पहिल्या आठवड्यात आली होती. रजेच्या अर्जात तारीख लिहावी लागते आणि ईदची तारीख तर चंद्र ठरवतो! अशा वेळी पोलिसांतली जुनी रीत कामी येते: दिवाळीत मुसलमान शिपायाने पहारा द्यायचा, ईदला हिंदू सोबत्याने. एकाच्या घरी शीरखुर्मा शिजतो, तेव्हा दुसरा कुणीतरी बंदूक घेऊन उभा असतो. बंधुभावावर आपण व्याख्याने देतो. इथे तो ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेला असतो.

१ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. त्यांत बीड जिल्ह्यातला एक मुसलमान तरुणही होता. रमजानचा पहिला रोजा सहा दिवसांवर आला होता. स्फोटाची तारीख इतिहासात राहील. त्या घरातली त्या वर्षीची ईद कोण लिहिणार?

आणि तारेबाहेरच्या गावाचे काय? माडियांचा पंडुमही याच भीतीत साजरा झाला. दोन बंदुकांच्या मधे सापडलेल्या आदिवासीला ना रजा, ना बदली. खबऱ्या ठरवून कितीतरी गावकरी मारले गेले. त्यांना वगळून शिपायाचा इतिहास लिहिला, तर तोही अर्धाच राहील.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती या बड्या नक्षलवादी नेत्याने साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. पाचच दिवसांनी दिवाळी होती. कालपर्यंत एकमेकांवर नेम धरणाऱ्यांनी ती एकाच जिल्ह्यात पाहिली. एखादी छावणी जिंकली की इतिहास तिची नोंद घेतो. पण ज्या वर्षी पहाऱ्याची गरजच उरणार नाही आणि दोन्ही शिपाई आपापल्या घरी सण साजरा करतील, ते वर्ष मला माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे आहे.