वकीलपत्र आणि आपला तालुका

आज आपण बारामती तालुका म्हणतो, त्याला जुन्या सरकारी कागदांत 'भीमथडी' म्हणत. १२ मे १८७५ रोजी याच तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. ते लोण इंदापूर, शिरूर करीत नगर जिल्ह्यापर्यंत गेले. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण चार ओळी पाठ केल्या, संपले. पण लोकांनी जाळले काय? कर्जरोखे, वह्या आणि कोर्टाचे हुकूमनामे. माणसांच्या अंगावर ते सहसा गेले नाहीत. राग कागदावर होता.

आयुष्य बँकेत कर्जाच्या कागदांत गेल्यामुळे मला याचे कारण शोधावेसे वाटले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाला आढळले, की सावकाराने दावा लावला तर कुणबी बहुतेक वेळा कोर्टात हजरच होत नसे. समन्स वाचता येत नाही, कोर्ट लांब, वकिलाला द्यायला पैसा नाही. समोरून मात्र वकील नाहीतर मुखत्यार उभा. निकाल एकतर्फी, मग जप्ती.

त्यातून १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातले कलम ६८ मोठे गमतीचे. या कायद्याखालच्या शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात वकिलाला उभेच राहता येणार नाही! सबळ कारण दाखवले तर पक्षकाराने आपला नातेवाईक किंवा नोकर पाठवावा. तोही वकिली केलेला नसावा. पुढचे कलम ६९ मला जास्त मोलाचे वाटते. समोरच्याने वकील दिला आणि शेतकऱ्याची ऐपत नसली, तर न्यायाधीशाने सरकारी वकिलाला किंवा दुसऱ्या योग्य, राजी माणसाला त्याच्या बाजूने उभे करावे. गरिबाला कोर्टाने वकील द्यायचा, हे आपल्या भागात तेव्हापासूनचे आहे.

(मुखत्यारी त्या काळी नुसती कोर्टापुरती नव्हती. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तिचे सभासद व्हायला किमान पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र लागे. आजच्या पुढाऱ्यांना ही अट घातली तर?)

आता १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता चालते. दावा अल्पवयीनाविरुद्ध असेल तर कोर्ट त्याला पालक नेमते, पण ज्याचे हित मुलाच्या विरुद्ध आहे त्याला नाही. सोसायटीच्या वतीने सेक्रेटरी सही करू शकतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले पुण्याला, परदेशी. ती भावाला नाहीतर मेहुण्याला कुळमुखत्यारपत्र देऊन मोकळी होतात. तो माणूस दावा लावील, वकील देईल, पण जे फक्त मालकालाच ठाऊक आहे त्याची साक्ष मालकाच्या जागी देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली तसे स्पष्ट सांगितले. म्हणजे वेळ आली की यावेच लागते. आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही कुणीही करू नये. बँकेत कोऱ्या फॉर्मवर सही घेणाऱ्यांवर मी जसा ओरडत असे, तसाच इथेही ओरडेन.

फीची अडचण असेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटसुद्धा नाही. हे आपल्या सोसायटीतल्या दोन-तीन वहिनींना मी सांगितले, तेव्हा त्यांना खरे वाटेना.