वेडिंग स्टाफ

गळाने मासे धरण्यासाठी वाहत्या नदीत उतरणाऱ्याने तळ चाचपण्यासाठी व तोल सांभाळण्यासाठी बाळगायची काठी. स्कॉटलंडमधील स्पे, टे, डी, ट्वीड या सॅमनच्या नद्यांवर ती नित्याची आहे. जुन्या काठ्या हेझल किंवा अ‍ॅशच्या लाकडाच्या. आता अ‍ॅल्युमिनियमच्या व कार्बनच्या घडीच्या काठ्याही मिळतात. लाकडी काठीच्या बुडाशी शिसे बसवतात, म्हणजे हात सुटल्यावर ती तरंगून गळाच्या दोरीत गुंतत नाही. बुडाला रबरी टोपण लावतात. धातू दगडांवर वाजला तर मासे बुजतात. काठी दोरीने अंगाशी अडकवलेली असते, कारण स्पेवरचा गळाचा लांब रॉड दोन्ही हातांनी चालवावा लागतो.

तेथील मासेमारीच्या रीतीतच धोका आहे. पिसांची नकली माशी पाण्यावर आडवी फेकायची, धारेबरोबर काठाकडे वळू द्यायची, मग पाऊलभर खाली सरकून पुन्हा फेकायची. खाली जाताना पाणीच पुढे ढकलते, म्हणून चाल सोपी वाटते. मग गोट्यांचा उंचवटा एकाएकी संपतो, पुढे डोह लागतो आणि परतायचे ते धारेविरुद्ध. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. म्हणून पाऊल उचलण्याआधी ठाव घेणे, हा काठीचा सर्वांत मोलाचा उपयोग. ठाव लागला नाही तर तेथूनच मागे फिरावे. आधाराला काठी आहे म्हणून आणखी खोल जाणे घातक.

धारेकडे कूस करून उभे राहिल्यास पाण्याला कमी अंग सापडते. काठी वरच्या अंगाला रोवून तिच्यावर किंचित झुकावे. खालच्या अंगाला रोवलेली काठी सटकली तर माणूस धारेबरोबरच कोसळतो. दोन पाय व काठी यांपैकी एका वेळी एकच हलवावे. वळताना तोंड धारेकडे ठेवावे, मागून रेटा आला की गुडघे दुमडतात.

छातीपर्यंतच्या वेडरमध्ये (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखात) पाणी शिरले की माणूस तळाला ओढला जातो, हा समज चुकीचा आहे. अमेरिकी मासेमार ली वुल्फ (1905–1991) यांनी वेडर घालून पुलावरून नदीत उडी मारून तो खोडून काढला. आतल्या पाण्याचा भार जाणवतो तो काठावर चढताना. खरा घात थंडी करते: स्पेवरचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, आणि केर्नगॉर्म पर्वतातल्या बर्फाच्या पाण्यात पडताच श्वास आवरत नाही. त्यामुळे कमरपट्टा घट्ट असावा, जीवरक्षक जाकीट अंगात असावे. पडल्यास उताणे, पाय पुढे करून उथळ पाण्याकडे वाहत जावे. काठीची दोरी एका झटक्यात सुटणारी हवी; दगडांत रुतलेली काठी माणसालाही धरून ठेवते.