ट्रॅक डे : पहिल्यांदा रेसट्रॅकवर उतरणाऱ्या चालकांची पूर्वतयारी

आपली मोटार नेमकी किती वेगाने धावू शकते, हे अजमावून पाहण्याची इच्छा अनेक चालकांच्या मनात असते. मात्र सार्वजनिक रस्ता ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे अथवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ मधील दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वेगाची हौस कायद्याच्या चौकटीत राहून भागवण्याचा एक मार्ग म्हणजे हौशी मोटार क्लबांचा 'ट्रॅक डे'.

ट्रॅक डे म्हणजे काय?

मोटार क्लब एखादा बंदिस्त रेसट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतात आणि सभासद तेथे आपल्या नेहमीच्या वापरातील मोटारी चालवतात. ही शर्यत नसते. विजेता, क्रमांक किंवा बक्षीस असा प्रकार नसतो. चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने, बहुधा १५ ते २० मिनिटांचे सत्र दिले जाते.

भारतात असे मोजकेच ट्रॅक आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा ट्रॅक १९९० मध्ये सुरू झाला. कोइमतूर येथील कारी मोटर स्पीडवेची लांबी सुमारे २.१ किलोमीटर आहे. ग्रेटर नोएडा येथील ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. मुंबई-पुण्याहून चेन्नई किंवा कोइमतूरला जाणाऱ्या चालकाला एका बाजूने हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. ज्या मोटारीने ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या, तिनेच घरीही परतायचे असते. पूर्वतयारीचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढते.

विम्याची खातरजमा

खासगी मोटारीच्या प्रचलित विमापत्रात आयोजित शर्यती, वेगाची चाचणी आणि तत्सम वापर संरक्षणाच्या बाहेर ठेवलेले असतात. 'ट्रॅक डे' असा स्पष्ट उल्लेख नसला तरी नुकसानभरपाई मिळेलच, असे गृहीत धरू नये. विमा कंपनीकडून आधी लेखी खुलासा घ्यावा. आयोजक चालकांकडून सहसा जबाबदारीचे हमीपत्रही लिहून घेतात. ते वाचूनच स्वाक्षरी करावी.

सर्वाधिक भार ब्रेकवर

नवख्या चालकाचे लक्ष इंजिनाकडे असते. प्रत्यक्षात ट्रॅकवर सर्वप्रथम थकतात ते ब्रेक. वेग दुप्पट झाला की मोटारीची गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबवताना ताशी ६० किलोमीटरच्या तुलनेत चौपट उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो, तर ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत अनेकदा येतो.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. 'डॉट ४' दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू मानकानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑईल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. पेडल मऊ लागते आणि खोल जाते. म्हणून ट्रॅक डेपूर्वी ब्रेक ऑईल बदलून घ्यावे आणि ब्रेक पॅड निम्म्याहून अधिक झिजले असल्यास नवे बसवावेत. ट्रॅकवर पेडल मऊ लागताच वेग कमी करून पिटमध्ये परतावे. 'आणखी एकच फेरी' हा मोह धोकादायक ठरू शकतो.

मोटारीची तपासणी

टायरवर फुगा, चीर किंवा असमान झीज नसावी. टायरच्या बाजूवरील चार अंकी क्रमांकावरून त्याचे वय कळते. उदाहरणार्थ, २३२४ म्हणजे २०२४ मधील तेविसावा आठवडा. टायर तापल्यावर त्यातील हवेचा दाब वाढतो, म्हणून सत्र संपताच तो पुन्हा मोजावा. चाकांचे नट कंपनीने ठरवलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत आणि अधूनमधून तपासावेत.

इंजिन ऑईल व कूलंटची पातळी योग्य असावी, बॅटरी घट्ट बसलेली असावी. स्टेपनी, जॅक, सुटे मॅट, पाण्याच्या बाटल्या आणि डिकीतील सामान बाहेर काढून ठेवावे. घरंगळत आलेली बाटली ब्रेक पेडलखाली अडकल्यास अनर्थ ओढवू शकतो.

चालकाची तयारी

हेल्मेट अनिवार्य असते. मोटार शर्यतींसाठीच्या 'स्नेल एसए' दर्जाच्या हेल्मेटची आगरोधक चाचणीही घेतलेली असते. दुचाकीच्या हेल्मेटला ती अट नसते. कोणते हेल्मेट चालेल, हे आयोजकांना आधीच विचारावे. कृत्रिम धाग्याचे कापड उष्णतेने वितळते, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळव्याचे बंद बूट घालावेत. पुरेशी झोप, हलका आहार आणि भरपूर पाणीही तितकेच आवश्यक आहे.

पाठ आसनाला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल, इतके आसन पुढे घ्यावे. हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी असावेत.

निशाणांची भाषा

सकाळची सूचना बैठक नवख्या चालकांनी चुकवता कामा नये. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका आहे. वेग कमी करावा, ओव्हरटेक करू नये. लाल निशाण म्हणजे सत्र थांबवले आहे. सावकाश पिटमध्ये परतावे. निळे निशाण मागून वेगवान मोटार येत असल्याचे, तर पिवळे-लाल पट्टे ट्रॅक निसरडा असल्याचे दर्शवतात. काळे निशाण दिसल्यास पिटमध्ये यावे. चौकटीचे निशाण सत्र संपल्याचे सांगते. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक सहसा सरळ भागातच आणि पुढील चालकाने खूण केल्यावरच करता येते.

ट्रॅकवर उतरल्यानंतर

पहिल्या काही फेऱ्या वळणे, निशाणे दाखवणाऱ्या मार्शलच्या जागा आणि पिटचा मार्ग लक्षात ठेवण्यासाठीच असाव्यात. शक्य असल्यास प्रशिक्षकाला शेजारी बसवावे. ब्रेक वळणापूर्वी, मोटार सरळ असतानाच लावावा. वळणात शिरताना वेग कमी असावा आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा ॲक्सिलरेटर वाढवावा. नजर बॉनेटवर न ठेवता वळणाच्या पुढे ठेवावी, कारण ताशी १०० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात जवळपास २८ मीटर अंतर कापते.

चाके ट्रॅकबाहेर गेल्यास स्टिअरिंगला झटका देऊ नये. मोटार सरळ ठेवून हळूहळू वेग कमी करावा आणि मार्शलने खूण केल्यावरच परत यावे. मोटार गरगर फिरू लागल्यास क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबावेत. ती बंद पडल्यास, आग लागलेली नसेल तर पट्टा बांधून आतच थांबावे.

शेवटची फेरी शक्यतो ब्रेक न लावता सावकाश पूर्ण करावी, म्हणजे ब्रेक थंड होतात. उभी करताना हँडब्रेक ओढू नये. मोटार गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी लावावी.

परतीच्या प्रवासापूर्वी नट, टायर, ब्रेक पॅड आणि ऑईल पुन्हा तपासावे. दिवसभर ट्रॅकवर मोटार चालवल्यानंतर महामार्गावरील वेग प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. त्या वेळी अंदाजावर विसंबून न राहता स्पीडोमीटरवर लक्ष ठेवावे. समोरून येणारे वाहन, पादचारी किंवा गुरे ट्रॅकवर नसतात, रस्त्यावर मात्र असतात. चालक आणि मोटार दोन्ही सुखरूप घरी पोहोचले, तरच पहिला ट्रॅक डे यशस्वी झाला असे म्हणता येईल.