आकाशातल्या लोटाचा माग

आज एका लांबलेल्या शोधाची गोष्ट सांगते.

रानात विहिरीचा सुरुंग उडाला की आवाज जवळच्या वस्तीवर आधी पोहोचतो, लांबच्या वस्तीवर मागून. तीन-चार वस्त्यांनी आपापली वेळ ताडून पाहिली, तर आवाज कुठल्या बाजूने आला ते कळतं. एकट्या वस्तीला ते कळत नाही. आकाशातही असंच झालं.

1963 साली अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटनने करार केला, की अंतराळात अणुचाचण्या करायच्या नाहीत. कुणी चोरून करतंय का, हे पाहायला अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण एक्स-रेपेक्षाही जोरकस असतात.

2 जुलै 1967 ला या उपग्रहांवर गॅमा किरणांचा एक लोट नोंदला गेला. त्याची तऱ्हा अणुस्फोटासारखी नव्हती. पुढे असे आणखी लोट सापडले. रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या उपग्रहांवरच्या वेळा ताडून पाहिल्या. फरक सेकंदाहूनही कमी होता, पण तेवढ्यावरून कळलं, की हे किरण पृथ्वीवरून येत नाहीत आणि सूर्याकडूनही नाहीत. 1973 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं.

मग येतात कुठून? बरेचसे लोट काही सेकंदांत संपायचे. नेमकी जागा कळून दुर्बीण वळवेपर्यंत उशीर झालेला असायचा.

28 फेब्रुवारी 1997 ला 'बेप्पोसॅक्स' या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहाने एका लोटाची जागा काही तासांतच कळवली. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीतून त्याच दिवशी फोटो घेतला गेला. आठवडाभराने पुन्हा घेतला, तर पहिल्या फोटोतला एक ठिपका विझत चालला होता. चूल विझल्यावर निखारा राहावा, तसा तो लोटामागे उरलेला उजेड होता. त्याच मे महिन्यात दुसऱ्या एका लोटाचं अंतर मोजता आलं. त्याचा उजेड आपल्याकडे यायला अब्जावधी वर्षं लागली होती. म्हणजे हे लोट आपल्या आकाशगंगेच्याही फार पलीकडचे. यातले बरेच, प्रचंड मोठे तारे आयुष्याच्या शेवटी आतल्या आत कोसळतात तेव्हा निघतात.

आता लोट दिसला की काही क्षणांत जगभर निरोप जातो. आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद परिसरात 30 मोठ्या अँटेना आहेत. अशा काही लोटांच्या मागे उरलेल्या रेडिओ लहरी त्यांनीही टिपल्या आहेत. त्या बाजूला गेलात, तर पोरांना नक्की दाखवा.