मीटरच्या काचेवरचे बारीक चरे जातात कसे? आणि टूथपेस्टने नेमकं काय होतं?

संध्याकाळी पाचच्या सुमारास शहरातून जालना रोडने मुकुंदवाडी, चिकलठाण्याच्या दिशेने निघालं की सूर्य पाठीमागे असतो. मागच्या काचेतून तिरपं ऊन थेट स्पीडोमीटरवर पडतं आणि दिवसभर न दिसलेलं बारीक चऱ्यांचं जाळं एकदम उजळून निघतं. गाडी जुनी असेल तर मीटरमधला आकडा वाचायला डोळे बारीक करावे लागतात. मग कुणीतरी रील पाठवतं: टूथपेस्ट लावा, दोन मिनिटं घासा, काच नव्यासारखी.

आधी एक गोष्ट. आपण जिला मीटरची काच म्हणतो, ती बहुतेक गाड्यांमध्ये काच नसतेच. ते ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक असतं. छतातल्या दिव्याचं झाकणही बहुधा असंच. हे प्लास्टिक काचेसारखं सहज फुटत नाही, हलकं असतं, पण चऱ्यांच्या बाबतीत फार नाजूक.

चरे पाडतं कोण?

बहुतेक वेळा आपणच, तेही पुसताना.

छत्रपती संभाजीनगर बेसॉल्टवर वसलेलं आहे. अजिंठा-वेरूळची लेणी कोरली तोच हा काळा दगड. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं कठीणपणाच्या १ ते १० या मोह्‌स मापावर ५ ते ६ च्या घरात बसतात. ॲक्रिलिक साधारण ३ वर. खडी, मुरूम आणि बांधकामाची धूळ उघड्या खिडकीतून आत येते, डॅशबोर्डवर बसते आणि आपण सिग्नलला थांबल्यावर कोरड्या फडक्याने ती पुसतो. म्हणजे प्लास्टिकवर दगडाची पूड घासतो. गोल गोल पुसल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात, ते यामुळेच.

चरा ‘जातो’ म्हणजे काय?

सगळी गोम इथे आहे. चरा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचं प्लास्टिक झिजवून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणावं लागतं. ते झिजवतानाही चरे पडतातच, फक्त आधीपेक्षा बारीक. पुढच्या टप्प्यात त्याहून बारीक. दृश्य प्रकाशाच्या लहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. उरलेले चरे त्याहून लहान झाले की प्रकाश त्यांच्यावर विखुरत नाही आणि पृष्ठभाग स्वच्छ दिसतो.

चिकलठाणा विमानतळावर उतरणाऱ्या विमानांच्या खिडक्याही साधारणपणे ॲक्रिलिकच्याच असतात. त्यावरचे चरे देखभाल करणारे तंत्रज्ञ याच तत्त्वाने काढतात.

म्हणूनच टूथपेस्टचा प्रश्न येतो. तिच्यात दात घासण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाचे कण असतात, त्यामुळे ती थोडं काम करते, हे खरं. पण तिचे कण दातांसाठी ठरवलेले आहेत, पारदर्शक प्लास्टिकसाठी नाहीत. मोठे चरे फिकट होतात आणि त्यांच्या जागी एकसारखा धुरकटपणा येतो. सावलीत रील काढली तर तो दिसत नाही, संध्याकाळच्या उन्हात दिसतो. शिवाय पांढरी पेस्ट काचेच्या कडेच्या फटीत जाऊन वाळते, ती वेगळीच. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनने चरे लपतात, पण त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात नवे चरे.

मग करायचं काय?

गाडी सावलीत लावा, इंजिन बंद करा आणि प्लास्टिक गार होऊ द्या. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की पॉलिश लावताच वाळतं. मऊ ब्रशने धूळ झटका. मग मायक्रोफायबरचं ओलसर, पिळलेलं कापड आणि शाम्पूचा एखादा थेंब घेऊन दाब न देता पुसा. पाणी थेट मीटरवर उडवू नका, खाली इलेक्ट्रॉनिक्स आहे. अनेकदा अर्धे ‘चरे’ इथेच जातात, कारण ते मळाचे डाग असतात.

आता नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर प्लास्टिकसाठी बनवलेलं पॉलिश पुरतं. बाटलीवर ॲक्रिलिक किंवा प्लास्टिकचा उल्लेख हवा. बॉडीच्या पेंटसाठीचं कंपाउंड जाड पडू शकतं. आजूबाजूला मास्किंग टेप लावा, एका कोपऱ्यात करून बघा, मग बोटाच्या टोकाइतकं पॉलिश घेऊन हलक्या हाताने छोट्या भागावर फिरवा. पुसा, बघा, पुन्हा करा. तीन-चार फेऱ्या लागतातच. घाई म्हणून ड्रिलला पॅड लावायचा मोह होतो, पण एकाच जागी घर्षणाची उष्णता साठली की ॲक्रिलिक मऊ पडतं आणि तिथे लाट उमटते. ती पॉलिशने निघत नाही.

नख अडकत असेल तर २००० आणि मग ३००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून वापरतात, शेवटी पॉलिश. २००० नंबरचा कण सुमारे १० मायक्रॉनचा असतो, त्यामुळे मधल्या टप्प्यावर काच पूर्ण दुधी होते. हे अपेक्षितच आहे, पण बघून घाबरायला होतं. हात बसलेला नसेल तर हे डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे सोपवलेलं बरं. एकाच चऱ्यावर जास्त घासलं तर तिथे खळगा होतो आणि त्यातून आकडे वाकडे दिसतात. मीटर वाचता येत असेल, तर एखादा खोल चरा तसाच राहू देणं हा वाईट निर्णय नाही.

याला हात लावू नका

टचस्क्रीनला पॉलिश नको. तिच्यावर बोटांचे ठसे आणि चमक कमी करणारा थर असतो, तो घासला की परत येत नाही. मीटरच्या काचेची चमक मुद्दाम मंद ठेवलेली असेल, तर तिथेही हाच धोका.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, अमोनिया असलेलं ग्लास क्लीनर आणि सॅनिटायझर लांब ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने तर ॲक्रिलिक विरघळतं. अल्कोहोलने लगेच काही दिसत नाही, पण ताण असलेल्या जागी, विशेषतः कडेला, केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या आतून असतात, घासून जात नाहीत.

अशा भेगा पडल्यावर काच बदलणं हाच उपाय उरतो. तेव्हा आधी फक्त वरची काच वेगळी मिळते का ते विचारा. काही मॉडेलमध्ये मिळते, काहींत अख्खं मीटर घ्यावं लागतं. अनेक गाड्यांत चाललेल्या किलोमीटरची नोंद त्याच मीटरमध्ये असते. त्यामुळे ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्या आणि बिलावर जुनं रीडिंग लिहून घ्या. पुढे गाडी विकताना ‘मीटर मागे केलंय का?’ असं गिऱ्हाईक विचारणारच, तेव्हा हेच बिल दाखवता येईल.